बारा-एक-एकतीस म्हणजे नेमकं कधी?

१२ जानेवारी १९३१ ही तारीख सोलापुरात कुणाला समजावून सांगावी लागत नाही. मल्लप्पा धनशेट्टी, श्रीकृष्ण सारडा, अब्दुल रसूल कुर्बान हुसेन आणि जगन्नाथ शिंदे या चौघांना त्या दिवशी येरवड्याच्या तुरुंगात फाशी दिली गेली. समजा, त्या काळातल्या एखाद्या कागदाच्या कोपऱ्यात कुणी पेन्सिलीनं '१२-१-३१' एवढंच लिहून ठेवलंय. सोलापूरचा माणूस ते वाचताक्षणी ओळखेल. पण तोच कागद स्कॅन होऊन बाहेरच्या एखाद्या मोठ्या संग्रहात गेला आणि तिथलं सॉफ्टवेअर अमेरिकी पद्धतीनं आधी महिना वाचणारं असलं, तर त्याच्या लेखी तो १ डिसेंबर होतो. शिवाय ३१ म्हणजे १९३१ की २०३१, हेही त्याचं त्यालाच ठरवावं लागतं.

डॉ. द्वारकानाथ कोटणीसांचंच बघा. त्यांचा जन्म सोलापुरात १० ऑक्टोबर १९१० ला झाला. १०-१०-१९१० ही तारीख कुठल्याही पद्धतीनं वाचली तरी तीच राहते. चीनमध्ये त्यांचं निधन झालं ९ डिसेंबर १९४२ ला. ती ९-१२-१९४२ अशी लिहिली की १२ सप्टेंबरही होऊ शकते, आणि चरित्रात जवळजवळ तीन महिन्यांची गफलत शिरते.

या गफलतीत सगळ्यात वाईट काय, तर ती दिसतच नाही. १३-१-१९३१ लिहिलेलं असतं तर तेरावा महिना नसतो म्हणून मशीन अडलं असतं आणि कुणीतरी उठून तपासलं असतं. महिन्याच्या पहिल्या बारा दिवसांत मात्र मशीन अडत नाही. बारा महिन्यांचे असे १४४ दिवस होतात. त्यातल्या १-१, २-२ अशा जोडीच्या १२ तारखा सोडल्या तर १३२ तारखा दोन्ही बाजूंनी वाचता येतात आणि दोन्ही वेळा खऱ्याच वाटतात. वर्षाचा तिसऱ्या हिश्श्याहून जास्त भाग असा धोक्यात असतो.

म्हणून जुने कागद, फोटो, पुस्तकं, वर्तमानपत्रं यांची यादी करणाऱ्या प्रत्येकानं तारीख कशी लिहायची हे आधी ठरवायला हवं, आणि ते एकट्यानं ठरवून भागत नाही. यादी एका कपाटापुरती असेल तर काहीही चालतं. ती दुसऱ्या यादीला जोडायची वेळ आली की एकमत लागतं.

मेटाडेटा म्हणजे काय, आणि त्यात तारीखच का अडते

वाचनालयात, मंडळाच्या कपाटात किंवा घरच्या ट्रंकेत जे जुनं असतं त्याबद्दल आपण चार गोष्टी लिहून ठेवतो: हे काय आहे, कुणी केलं, कुठलं आहे, केव्हाचं आहे. ग्रंथपाल पूर्वी हे दाखल नोंदवहीत आणि तालिकापत्रांवर लिहायचे. आता एक्सेलमध्ये किंवा ग्रंथालयाच्या सॉफ्टवेअरमध्ये भरतात. वस्तूचं वर्णन करणारी ही माहिती म्हणजे मेटाडेटा. फोटोखाली आपण जी ओळ लिहितो तीच ही ओळ, फक्त ठरलेल्या रकान्यांत बसवलेली, म्हणजे मशीनलाही त्यातून शोधता येतं.

नावात थोडं इकडंतिकडं झालं तर वाचणारा सांभाळून घेतो. 'सोलापूर' आणि 'शोलापूर' एकच, हे कुणालाही कळतं. तारखेचं तसं नाही, कारण मशीन तारखेचा हिशोब करतं. नोंदी क्रमानं लावणं, १९३० ते १९३५ मधलं सगळं काढून दाखवणं, एकाच दिवसाची दोन वर्तमानपत्रं शेजारी ठेवणं, हे सगळं त्या एका रकान्यावर चालतं. अशा हिशोबात 'सांभाळून घेणं' नसतं.

१९९५ साली अमेरिकेतल्या ओहायो राज्यात डब्लिन या गावी ग्रंथालयांतली आणि संगणकातली माणसं एकत्र बसली. त्या बैठकीतून पुढं 'डब्लिन कोअर' नावाची वर्णनाची पद्धत तयार झाली. तिच्यात पंधरा रकाने आहेत: शीर्षक, कर्ता, विषय, भाषा आणि असेच बाकीचे. त्यातला एक तारखेचा. जगभरची ग्रंथालयं आज कमीअधिक प्रमाणात याच पद्धतीनं नोंदी देतात-घेतात. पण रकाना ठरला म्हणजे त्यात लिहायचं कसं हे ठरत नाही, आणि खरी मेहनत तिथं आहे.

लिहिण्याची पद्धत त्याआधीच, १९८८ साली आली होती. आंतरराष्ट्रीय मानक संघटनेनं त्या वर्षी 'आयएसओ ८६०१' हे मानक काढलं. आपल्या भारतीय मानक ब्युरोचं त्याला समांतर मानक 'आयएस ७९००' या क्रमांकाचं आहे. नियम साधा आहे: आधी चार अंकी वर्ष, मग दोन अंकी महिना, मग दोन अंकी दिवस, मध्ये आडवी रेघ. १९३१-०१-१२. एकेरी महिन्याआधी शून्य द्यायचंच. १९९७ मध्ये वर्ल्ड वाइड वेब कन्सोर्शियमनं याच मानकाचा एक आटोपशीर भाग इंटरनेटवरच्या वापरासाठी प्रसिद्ध केला. त्यात नुसतं वर्ष, किंवा वर्ष आणि महिना, एवढंच लिहायचीही मुभा आहे. डब्लिन कोअर बरीच वर्षं हीच पद्धत सुचवत आलं.

वर्ष पुढं का? एक उदाहरण घेऊ. सोलापूर विद्यापीठाची स्थापना १ ऑगस्ट २००४ ला झाली. ही तारीख, कोटणीसांच्या निधनाची तारीख आणि चार हुतात्म्यांची तारीख, अशा तीन तारखा आपल्या नेहमीच्या पद्धतीनं लिहून संगणकाला क्रमानं लावायला सांगितल्या, तर तो डावीकडून एकेक अंक बघत जातो. आधी ०१-०८-२००४, मग ०९-१२-१९४२, मग १२-०१-१९३१. काळाचा क्रम पूर्ण उलटा झाला. त्याच तारखा वर्ष पुढं घेऊन लिहा: १९३१-०१-१२, १९४२-१२-०९, २००४-०८-०१. आता डावीकडून बघत गेलं तरी क्रम आपोआप बरोबर लागतो, त्यासाठी संगणकाला कॅलेंडरही समजावं लागत नाही. दुसरा फायदा असा की चार अंकी वर्ष पुढं दिसलं की पुढचा आकडा महिन्याचाच असतो. वर्षानंतर दिवस आणि मग महिना असं लिहायची पद्धत रोजच्या वापरात कुठं दिसत नाही, त्यामुळं दुसरा अर्थ निघायला जागाच उरत नाही.

इथं वाचायला बरं म्हणून मी देवनागरी अंक वापरलेत. संगणकाच्या त्या रकान्यात मात्र इंग्रजी अंकच घालायचे. मानकाला तेच अंक चालतात, आणि एकाच यादीत निम्म्या नोंदी देवनागरीत, निम्म्या इंग्रजीत असल्या की क्रमही बिघडतो, शोधही अर्धाच लागतो.

यामुळं रोजच्या जगण्यात काही बदलायचं नाही. बँकेच्या चेकवर आठ चौकटी असतात: आधी दिवस, मग महिना, मग वर्ष. ते तसंच चालू द्या. लग्नपत्रिकेवर रविवार, मार्गशीर्ष शुद्ध पंचमी असं लिहा. लोकांना दिसणाऱ्या पानावर संगणक '१२ जानेवारी १९३१' असं सुंदर मराठीत दाखवू शकतो. नियम फक्त आतल्या, साठवणीच्या रकान्यापुरता आहे. हे आधीच स्पष्ट केलं नाही तर लोकांना वाटतं आपली पद्धत हिरावून घेतली जातेय, आणि बैठक तिथंच मोडते.

एक जूनला जन्मलेली पिढी

एवढ्यावर काम संपत नाही. सोलापुरातल्या कुठल्याही जुन्या संग्रहात हात घाला, पूर्ण तारीख असलेल्या वस्तू थोड्याच निघतात. बाकी सगळं 'तीस सालाच्या सुमारास', 'मार्शल लॉच्या वेळचं' (म्हणजे १९३० साली सोलापुरात लष्करी अंमल होता तेव्हाचं), 'बहात्तरच्या दुष्काळातलं' असं असतं.

अर्धवट माहिती पूर्ण तारखेच्या साच्यात कोंबली की काय होतं, हे महाराष्ट्रातल्या प्रत्येक घरानं पाहिलंय. आपल्या आजी-आजोबांच्या, काही घरांत आई-वडिलांच्या पिढीत कितीतरी जणांची जन्मतारीख १ जून असते. जन्माची नोंद नव्हती, आईला एवढंच आठवत होतं की पोर सुगीच्या दिवसांत झालं. शाळा जूनमध्ये उघडायची, वय बसवायचं होतं, गुरुजींनी दाखल्यावर १ जून लिहिलं. गुरुजींनी त्या मुलाचं भलंच केलं. पण पुढं ती तारीख नोकरीच्या कागदावर, निवृत्तीच्या आदेशात, आधार कार्डावर जात राहिली. आज त्या कागदांकडं बघून कुणालाच सांगता येत नाही की यातला खरोखर एक जूनला जन्मलेला कोण आणि गुरुजींच्या लेखणीतून जन्मलेला कोण. माहीत नसलेली गोष्ट माहीत असल्यासारखी लिहिली गेली आणि नंतर ती वेगळी काढायची वाट बंद झाली.

संग्रहाच्या नोंदींत हेच १ जानेवारीच्या रूपानं होतं. सॉफ्टवेअर पूर्ण तारखेशिवाय पुढं जाऊ देत नाही, भरणाऱ्याला फक्त १९३० माहीत असतं, तो १९३०-०१-०१ टाकतो. दहा वर्षांनी कुणी अभ्यासक बघतो आणि त्याला वाटतं, जानेवारीच्या पहिल्याच दिवशी एवढे फोटो का काढले असतील? दिवस माहीत नसेल तर दिवस लिहू नये. १९३० एवढंच माहीत असेल तर १९३०. मे १९३० माहीत असेल तर १९३०-०५. शून्यं भरून १९३०-००-०० करू नये, अशी तारीख मानकात बसत नाही. मला या सगळ्या विषयातली ही सर्वांत महत्त्वाची गोष्ट वाटते: जेवढं ठाऊक आहे तेवढंच लिहायचं, आणि मानक त्याला पूर्ण परवानगी देतं.

इथं एक्सेलबद्दल सांगायलाच हवं, कारण आपल्याकडची बहुतेक यादी तिथंच जन्मते. एक्सेल तारीख आतून एक संख्या म्हणून ठेवतं, १ जानेवारी १९०० पासून मोजलेल्या दिवसांची. रकान्याला तारखेचं रूप दिलेलं असेल आणि तुम्ही त्यात नुसतं १९३० टाकलंत, तर ते त्याला १९३० वा दिवस समजतं आणि १३ एप्रिल १९०५ दाखवतं. १९०० आधीची तारीख त्याला तारीख म्हणून ओळखताच येत नाही. दोन अंकी साल टाकलं तर शतक ते स्वतः निवडतं. वर्षानुवर्षं त्याचा नियम असा की ०० ते २९ म्हणजे दोन हजारचं शतक आणि ३० ते ९९ म्हणजे एकोणीसशेचं. म्हणजे '३०' लिहिलेला कागद १९३० मध्ये राहतो आणि '२९' लिहिलेला त्याचा शेजारी २०२९ मध्ये जातो. उपाय एकच: तारखेचा रकाना भरायला सुरुवात करण्याआधी त्याला 'टेक्स्ट' करून ठेवायचं. नंतर करून उपयोग नाही, तोवर मूळ लिहिलेलं गेलेलं असतं.

'सुमारे'ला चिन्ह आहे

अंदाजाच्या तारखांसाठी अमेरिकेच्या लायब्ररी ऑफ काँग्रेसच्या पुढाकारानं एक विस्तारित पद्धत तयार झाली. तिला ईडीटीएफ म्हणतात. २०१९ साली ती आयएसओ ८६०१ च्या दुसऱ्या भागात सामावली गेली. तिच्यात काही चिन्हं आहेत आणि ती आपल्या कामाला फार उपयोगी आहेत.

वर्षापुढं '~' हे चिन्ह दिलं की 'सुमारे'. १९३०~ म्हणजे तीसच्या आसपास. वर्षापुढं प्रश्नचिन्ह दिलं, १९३०?, की 'बहुधा १९३०, पण खात्री नाही'. दोन्ही लागू असतील तर '%'. पहिल्या दोघांत फरक काय, असं लोक विचारतात, आणि तो समजून घेण्यासारखा आहे. घरातले आजोबा फोटो बघून म्हणाले, "हा तिसाच्या आसपासचा असंल," तर ते स्वतःच अंदाज सांगताहेत. तिथं '~'. पण फोटोच्या मागं ठामपणे '१९३०' लिहिलंय आणि तुम्हाला दिसतंय की ते बॉलपेननं, म्हणजे बऱ्याच नंतर कुणीतरी लिहिलंय, तर आकडा नेमका आहे आणि शंका त्याच्या खरेपणाबद्दल आहे. तिथं '?'. पहिल्या फोटोचं साल शोधताना अभ्यासक १९२७ पासून १९३३ पर्यंत बघेल. दुसऱ्याबाबतीत तो आधी विचारेल की हे लिहिलं कुणी.

दशक माहीत आहे पण साल नाही, असं असेल तर शेवटच्या अंकाच्या जागी इंग्रजी कॅपिटल एक्स अक्षर घालायचं. १९५ आणि पुढं एक्स, म्हणजे पन्नासच्या दशकातलं कुठलंतरी वर्ष. सिद्धेश्वरांच्या गड्डा यात्रेच्या फोटोंना हे छान बसतं. नंदीध्वजांची मिरवणूक दिसते, कपड्यांवरून आणि मागच्या दुकानांवरून दशक कळतं, नेमकं साल कळत नाही. पण यात्रा मकरसंक्रांतीची, आणि संक्रांत सूर्यावर चालते, म्हणून महिना जानेवारीच. तर १९५, मग एक्स, मग आडवी रेघ आणि ०१. साल अर्धवट आणि महिना पक्का, हेही लिहिता येतं. पंढरपूरच्या आषाढीचा फोटो असेल तर असं करता येत नाही. आषाढी तिथीवर चालते, इंग्रजी महिना दरवर्षी सरकतो. तिथं उलटं आहे: साल सापडलं की त्या वर्षीचं पंचांग उघडून थेट दिवसापर्यंत पोचता येतं.

कालावधीसाठी तिरपी रेघ: १९७२/१९७३. 'बहात्तरचा दुष्काळ' म्हणतात खरं, पण दुष्काळी कामांची हजेरीपत्रकं त्र्याहत्तरपर्यंतचीही असू शकतात. अशा एका गठ्ठ्याला ही नोंद योग्य. मात्र एक फोटो १९३० ते १९३५ च्या दरम्यान केव्हातरी एकदाच काढला गेला, तर तो कालावधी नव्हे. त्याला चौकोनी कंसात [१९३०..१९३५] लिहायचं: यातलं कुठलंतरी एक वर्ष. बऱ्याच याद्यांत दोन्हीला तिरपी रेघच दिलेली दिसते आणि मग पाच वर्षं चाललेलं काम आणि एका क्षणाचा फोटो सारखेच दिसतात. तुमच्या गटानं निदान हा भेद पाळायचा की नाही हे पहिल्याच दिवशी ठरवावं.

ऋतूंनाही अंक आहेत: महिन्याच्या जागी २१ म्हणजे वसंत, २२ उन्हाळा, २३ शरद, २४ हिवाळा. पावसाळ्याला अंक नाही. हे मानक केलं त्यांच्या देशांत तो वेगळा ऋतू नसतो. आपण जून ते सप्टेंबर असा कालावधी लिहावा.

शके, संवत, फसली, हिजरी

सोलापुरात मराठी, कन्नड, तेलुगू, उर्दू या चारही भाषा एकाच गल्लीत ऐकू येतात, आणि जुन्या कागदांत या भाषांबरोबर त्यांची कालगणनाही येते. पूर्वेला काही कोसांवर निजामाची हद्द लागायची, त्यामुळं तिकडच्या कागदांवर फसली, म्हणजे शेतसाऱ्याच्या हिशोबाचं, साल असतं. मशीनला यातलं काही ठाऊक नाही. त्याला फक्त आकडा दिसतो.

दक्षिण सोलापूर तालुक्यात भीमा आणि सीना यांच्या संगमावर हत्तरसंग कुडल आहे. तिथल्या संगमेश्वर मंदिरातला मराठी शिलालेख शके ९४० चा, म्हणजे इसवी सन १०१८ चा. तारखेच्या रकान्यात कुणी नुसतं ९४० लिहिलं तर मराठीच्या अतिशय जुन्या लेखांपैकी एक लेख ७८ वर्षांनी मागं जातो, आणि त्याच्यावर उभा राहणारा सगळा युक्तिवाद चुकतो.

शकात ७८ मिळवायचे हे शाळेत शिकवतात. ते वर्षभर लागू नसतं. शक चैत्रात बदलतो, इसवी सन जानेवारीत. त्यामुळं जानेवारीपासून फाल्गुन संपेपर्यंत ७९ मिळवावे लागतात. शिवाजी महाराजांच्या जन्माची तिथी फाल्गुन वद्य तृतीया, शके १५५१. ७८ मिळवले तर १६२९ येतं. बरोबर साल १६३०, कारण फाल्गुन. आणि आपण जी १९ फेब्रुवारी पाळतो ती त्या काळच्या जुलियन कॅलेंडरची. आजच्या ग्रेगोरियन कॅलेंडरनं तो दिवस १ मार्च १६३० येतो. इंग्रजांनी ग्रेगोरियन कॅलेंडर १७५२ मध्ये स्वीकारलं, पोर्तुगिजांनी १५८२ मध्येच. म्हणून शिवकाळातलं सुरतेचं इंग्रजी पत्र आणि गोव्याचं पोर्तुगीज पत्र एकाच दिवशी लिहिलेलं असलं तरी त्यांवरच्या तारखांत दहा दिवसांचं अंतर असतं. आयएसओचं मानक ग्रेगोरियनच धरतं, आणि १५८३ च्या आधीची सालं वापरायची तर देणाऱ्या-घेणाऱ्यांनी आपसांत ठरवून वापरावीत असं तेच सांगतं.

बाकीच्यांचं थोडक्यात. व्यापाऱ्यांच्या चोपड्या दिवाळीच्या पाडव्याला बदलतात. त्या विक्रम संवतातून डिसेंबरपर्यंत ५७ आणि जानेवारीपासून ५६ वजा करायचे. दख्खनी फसलीत ढोबळमानानं ५९० मिळवले की इसवी सन येतं. पेशवाईतल्या मोडी कागदांवरच्या सुहूर सनात ५९९ किंवा ६००. तो सन मृगाला बदलतो आणि अरबी शब्दांत लिहिलेला असतो: 'अर्बा सबैन मया व अलफ' म्हणजे ११७४, इसवी सन १७७३-७४. हिजरी वर्ष चंद्राचं, सुमारे ३५४ दिवसांचं, त्यामुळं ठरावीक आकडा मिळवून भागत नाही, तक्ता लागतो. आणि एक फसवी जागा सरकारी राजपत्रात आहे. २२ मार्च १९५७ पासून भारतानं राष्ट्रीय सौर दिनदर्शिका स्वीकारली. तिचं सालही शकाचंच आणि महिन्यांची नावंही चैत्र, वैशाख हीच, पण तिचा चैत्र दरवर्षी २२ मार्चला, लीप वर्षी २१ मार्चला सुरू होतो. पंचांगातला चैत्र गुढीपाडव्याला. 'चैत्र, शके' एवढं बघून कुठला चैत्र ते कळत नाही. कागद सरकारी आहे का, तेही बघावं लागतं.

या सगळ्यावर मला एकच पद्धत टिकाऊ वाटते. तारखेचे दोन रकाने ठेवायचे. एकात कागदावर जसं आहे तसं, अक्षर न बदलता: 'फाल्गुन वद्य ३ शके १५५१', 'मार्शल लॉच्या वेळी', '१२-१-३१'. दुसऱ्यात ठरलेल्या नमुन्यात तारीख, मशीनसाठी. रूपांतर केलं असेल तर कशावरून केलं तेही टीपेत. रूपांतरात चूक निघाली तर मूळ शेजारीच आहे, कुणीही पुन्हा करू शकतो. नुसती रूपांतरित तारीख ठेवून मूळ टाकून देणं हा संग्रहावरचा अन्याय आहे.

बैठकीत काय ठरवायचं

अशा कामाला बसणारी माणसं साधारण तीन प्रकारची असतात. इतिहासाच्या सरांना तिथी जायला नको असते. ग्रंथपाल मॅडमना सॉफ्टवेअरनं नोंद स्वीकारायला हवी असते. आणि जो मुलगा प्रत्यक्ष टाइप करणार, तो बिचारा विचारतो, "सर, यावर तारीखच नाही, रकान्यात काय टाकू?" या तिघांत सगळ्यात आधी त्याचा प्रश्न घ्यावा. रिकामं सोडायचं, 'तारीख नाही' असं मूळ लिखाणाच्या रकान्यात लिहायचं, की अंदाज करायचा? तिथं नियम नसला की प्रत्येक जण आपापला नियम करतो.

दुसरा प्रश्न: कशाची तारीख? फोटो काढल्याची, प्रिंट केल्याची, की स्कॅन केल्याची? स्कॅनर फाइलमध्ये आजची तारीख स्वतःच भरतो, आणि ती निष्काळजीपणे यादीत आली तर शंभर वर्षांचा फोटो यंदाचा होतो. पुस्तकाचं तर लिहिल्याचं साल, पहिल्या आवृत्तीचं साल आणि हातातल्या आवृत्तीचं साल, तिन्ही वेगळी. डब्लिन कोअरच्या विस्तारित यादीत निर्मिती, प्रकाशन, बदल यांच्या तारखांना वेगळे रकाने आहेत. ते वापरावेत.

नमुना कुठला निवडायचा यावर फार वेळ घालवू नये. साधा आयएसओ घ्या किंवा ईडीटीएफ घ्या, सॉफ्टवेअरला '~' चालत नसेल तर 'सुमारे'साठी वेगळा रकाना करा. काय निवडलं यापेक्षा सगळ्यांनी तेच निवडलं, आणि ते कागदावर लिहिलं, याला जास्त किंमत आहे. तो कागद यादीबरोबरच ठेवावा: कुठला नमुना, कुठली चिन्हं, कॅलेंडर ग्रेगोरियन की जुलियन, रूपांतर कशावरून. यादी उद्या विद्यापीठाच्या, राज्याच्या किंवा राष्ट्रीय पातळीवरच्या संग्रहात गेली तर त्यांच्या माणसांना आधी तोच लागतो.

जुन्या याद्या सुधारताना सगळा रकाना एका फटक्यात बदलू नये. आधी मूळ रकान्याची नक्कल करून ठेवावी. मग ज्या तारखांत दिवस-महिन्याच्या दोन आकड्यांपैकी एखादा बारापेक्षा मोठा आहे त्या वेगळ्या काढाव्यात. त्यांचा अर्थ एकच निघतो, आणि भरणाऱ्याची सवय कुठली होती तेही त्यांच्यावरून कळतं. एका माणसानं एका वहीत १५-३, २२-७ असं आधी दिवस लिहिलेलं दिसलं, तर त्याच वहीतली ५-८ ही ५ ऑगस्ट धरायला आधार मिळतो. वेगवेगळ्या हातांनी भरलेल्या याद्या मात्र एकत्र करून असा निष्कर्ष काढू नये.

उरलेल्यांसाठी वार बघावा. वर्तमानपत्रावर, पत्रावर, निमंत्रणावर बहुतेक वेळा वार छापलेला असतो. १२ जानेवारी १९३१ ला सोमवार होता, १ डिसेंबर १९३१ ला मंगळवार. ९ डिसेंबर १९४२ ला बुधवार, १२ सप्टेंबर १९४२ ला शनिवार. वार आणि तिथी दोन्ही असतील तर तपासणी आणखी पक्की होते, पंचांग हातात घेऊन बसलेला माणूस ती सहज करू शकतो. एवढं करूनही ज्या नोंदीचा निकाल लागत नाही तिच्यात फक्त साल ठेवावं, दिवस-महिना काढून टाकावा, आणि मूळ लिखाण शेजारच्या रकान्यात आहे तसंच राहू द्यावं. पुढं कुणाला दुसरा कागद सापडला तर तो ती पूर्ण करेल.